बोटीवर मुक्काम, देवमाशांची वाट: अनेक दिवसांची सागरी सफर कशी आखायची

देवमासे पाहायला मी पहिल्यांदा गेलो ते तीन तासांच्या फेरीने. त्यातला दीड तास जाण्यायेण्यात गेला. मग लांबवर एक शेपटी वर आली, बोटीवरचे सगळे मोबाइल एकदम उंचावले, आणि शेपटी पाण्यात गेल्यावर कप्तानाने घड्याळ पाहून बोट वळवली. तो हंपबॅक जातीचा देवमासा दहा-बारा मिनिटांत पुन्हा वर आला असणार. आम्ही तेव्हा धक्क्याच्या वाटेला लागलो होतो.

पुढच्या खेपेला आठ दिवस बोटीवरच राहिलो. पहिले दोन दिवस धुकं आणि पाऊस, तिसऱ्या दिवशी नुसते पक्षी. चौथ्या दिवशी सकाळी कप्तानाने इंजिन बंद केलं आणि आम्ही पाऊण तास तरंगत राहिलो, कारण पक्ष्यांची वागणूक त्याला काहीतरी सांगत होती. मग बोटीपासून दोनेकशे मीटरवर पाणी फुगलं आणि पाच-सहा जबडे एकदम बाहेर आले.

अशा सफरीत पैसे मोजून आपण घेतो ती थांबायची मुभा. म्हणून महिना निवडताना, बोट ठरवताना, अगदी बॅग भरतानाही मी एकच विचार करतो: यामुळे मला जास्त वेळ, जास्त निवांत थांबता येईल का?

आधी प्राणी ठरवा, मग महिना, देश शेवटी

बरेच जण आधी देश ठरवतात, मग सुट्टी काढतात आणि शेवटी विचारतात, "तिथे देवमासे दिसतील ना?" हा क्रम उलटा करा. मोठे देवमासे वर्षभर एका जागी क्वचितच राहतात. बहुतेकांच्या वर्षाचे दोन भाग असतात. उन्हाळ्यात थंड पाण्यात जाऊन पोटभर खायचं, हिवाळ्यात उबदार पाण्यात येऊन जोडीदार शोधायचा किंवा पिल्लं घालायची. उबदार पाण्यात ते जवळजवळ उपाशीच असतात, अंगातल्या चरबीवर दिवस काढतात. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, त्यामुळे महिनेही उलटे.

म्हणून एकच हंपबॅक दोन ठिकाणी दोन वेगळे प्राणी वाटतो. खाण्याच्या जागी तो कामात असतो, बुडी मारतो, वर येतो, पुन्हा बुडी मारतो, बोटीकडे ढुंकूनही पाहत नाही. विणीच्या जागी माद्या पिल्लांसह पृष्ठभागाजवळ विसावतात, नर एकमेकांना ढकलत पाठलाग करतात, अख्खं धड हवेत झोकून देतात, पाण्याखाली गातात. तुम्हाला यातलं काय पाहायचंय ते आधी ठरवा.

खाताना पाहायचे असतील तर आग्नेय अलास्का, जून ते सप्टेंबर. चॅथम सामुद्रधुनी आणि फ्रेडरिक साउंड या भागांत हंपबॅक टोळीने शिकार करतात. हेरिंग माशांच्या थव्याखाली गोल फिरत ते बुडबुड्यांचं कडं सोडतात, मासे त्या कड्यात कोंडले जातात आणि मग सगळे देवमासे तोंड उघडून खालून वर येतात. हे एकदा दिसलं की काही मिनिटांनी पुन्हा दिसायची शक्यता असते, पण त्यासाठी टोळीसोबत तास-दोन तास राहावं लागतं. अर्ध्या दिवसाच्या फेरीला हे क्वचित साधतं. त्याच किनाऱ्यावर समुद्री ऑटर, स्टेलर सी लायन, टक्कल गरुड आणि ओहोटीला किनाऱ्यावर चरायला येणारी अस्वलंही आहेत.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. इथे महिन्यागणिक सफर बदलते. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो आणि पेंग्विनांची घरटी बांधायची धांदल चालू असते, डिसेंबर-जानेवारीत पिल्लं बाहेर येतात. देवमाशांसाठी जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च. तोवर पेंग्विनांच्या वसाहतीत चिखल आणि विष्ठेचा वास कळसाला पोचलेला असतो, पण खाड्यांमध्ये हंपबॅकांची गर्दीही तेव्हाच असते.

विणीच्या जागांपैकी डॉमिनिकन रिपब्लिकच्या उत्तरेची सिल्व्हर बँक, म्हणजे समुद्रातला एक उथळ पट्टा, खास मुक्कामी बोटींसाठीच आहे. किनाऱ्यापासून इतकी दूर की रोज जाऊन येणं परवडत नाही. मोजक्या परवानाधारक बोटी जानेवारीअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आठवडा-आठवडा तिथे नांगर टाकून राहतात, आणि प्रवासी तरंगत, पोहण्याची धडपड न करता, विसावलेल्या देवमाशाजवळ पाण्यात उतरतात. दक्षिण पॅसिफिकमधल्या टोंगामध्ये जुलै ते ऑक्टोबर असाच हंगाम असतो. तिथे एका वेळी पाण्यात जास्तीत जास्त चार पर्यटक आणि एक मार्गदर्शक, असा नियम आहे. पाण्यात उतरायची हौस असेल तर जिथे कायद्याने रीतसर परवानगी आहे तिथेच जा.

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या सॅन इग्नासियो खाजणात जानेवारी ते मार्च या काळात ग्रे व्हेल पिल्लं घेऊन असतात. बेरिंग आणि चुकची समुद्रापासून इथवर आणि परत, असा त्यांचा वर्षाचा प्रवास १६ ते २० हजार किलोमीटरचा होतो. सॅन डिएगोहून निघणाऱ्या मुक्कामी बोटी या खाजणाबरोबर वाटेतल्या बेटांवरचे एलिफंट सीलही दाखवतात. खाजणात मात्र मोठी बोट नांगरून ठेवतात आणि स्थानिक नावाडी 'पांगा' नावाच्या छोट्या होडीतून आत नेतात. तिथल्या माद्या कधी कधी आपणहून होडीला येऊन टेकतात. ज्यांच्या पूर्वजांची याच खाजणांमध्ये एकोणिसाव्या शतकात कत्तल झाली, ते प्राणी असं का वागतात याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

एकाच सफरीत जास्तीत जास्त विविधता हवी असेल तर माझं मत बाहाच्या दुसऱ्या बाजूला, कॉर्टेझच्या समुद्राला. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोरेटोच्या आसपास ब्लू व्हेल, शिवाय फिन व्हेल, डॉल्फिनचे मोठे कळप, बेटांवर सी लायन, आणि बऱ्यापैकी शांत पाणी. पहिल्या मुक्कामी सफरीसाठी याहून सोपी जागा मला सुचत नाही.

ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, पाहायचे तर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातली जॉनस्टोन सामुद्रधुनी, जुलै ते सप्टेंबर. तिथल्या रॉबसन बाइटमध्ये ऑर्का उथळ पाण्यातल्या गोट्यांवर अंग घासतात. १९८२ पासून तो भाग राखीव आहे, बोटींनी त्याबाहेरच राहायचं असतं. दुसरी जागा उत्तर नॉर्वे, नोव्हेंबर ते जानेवारी. हिवाळ्यात खाड्यांत शिरणाऱ्या हेरिंगमागे ऑर्का आणि हंपबॅक येतात. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, उजेड दिवसाला चार-पाच तास, तोही निळसर. फोटोवेड्यांनी हे आधी समजून घ्यावं.

नॉर्वेच्या निमित्ताने एक सावधगिरी. या हेरिंगांनी हिवाळी मुक्काम अनेकदा हलवला आहे. १९९० च्या दशकात ऑर्कांसाठी लोक टिसफ्योर्डला जात, अलीकडे शेर्व्होयच्या बाजूला जातात. ग्रे व्हेलची संख्याही २०१६ मधल्या सुमारे २७ हजारांवरून २०२३ मध्ये साडेचौदा हजारांच्या आसपास आली होती. दहा वर्षांपूर्वीचं प्रवासवर्णन वाचून बुकिंग करू नका. मागच्या दोन-तीन हंगामांत त्या आठवड्यात काय दिसलं, ते कंपनीकडे मागा. चांगल्या कंपन्या रोजची नोंदवही ठेवतात आणि दाखवतातही.

बोट कोणती?

ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

शिडाची बोट, सहा ते दहा प्रवासी. आवाज कमी, माणसं कमी, शिडावर चालली तर देवमाशाचा श्वास स्पष्ट ऐकू येतो. त्याबदल्यात जागा अडचणीची, हेलकावे भरपूर, आणि दोरखंड ओढायला हात लावावा लागण्याची शक्यता.

छोटी मुक्कामी मोटरबोट, दहा ते तीस प्रवासी. माझी आवडती. डेक पाण्यापासून फार उंच नसतो, कप्तान आणि प्रवासी एकाच टेबलाशी जेवतात, आणि सकाळी बेत बदलायचा तर सगळ्यांना विचारून बदलता येतो.

शोधमोहिमेची छोटी जहाजं, पन्नास ते दोनशे प्रवासी. खुला समुद्र ओलांडायचा असेल तर हीच बरी. यांच्यावर रबरी होड्या असतात, ज्यांना सगळे झोडियाकच म्हणतात, आणि पाहणं मुख्यतः त्यांच्यातून होतं. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी शंभरहून जास्त प्रवाशांना उतरवता येत नाही, आणि पाचशेहून जास्त प्रवाशांचं जहाज किनाऱ्यावर कुणाला उतरवतच नाही. त्यामुळे दोनशे माणसांच्या जहाजावर निम्म्यांना निम्मा वेळ थांबावं लागतं. प्रवासीसंख्या शंभराच्या आत असेल तर हा प्रश्न मिटतो.

चौथा प्रकार मोठी क्रूझ. तिच्यावरून देवमासे दिसतात, पण ती कुणासाठी थांबत नाही. तिला या लेखात जागा नाही.

बोटीचा आराखडा बुकिंगपूर्वी मागून घ्या आणि दोन गोष्टी पाहा. एक, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, सगळे प्रवासी एकाच वेळी उभे राहू शकतात का? दोन, डेकला चहूबाजूंनी फेरी मारता येते का? देवमासा डावीकडून उजवीकडे गेला की तुम्हालाही जावं लागणार, आणि मधे जेवणाची खोली ओलांडावी लागत असेल तर तुम्ही पोचेपर्यंत तो गेलेला असतो.

केबिन निवडताना खिडकीच्या मोहात पडू नका. बोटीचा मध्य आणि खालचा मजला सर्वांत कमी हलतो. टोकाकडच्या केबिनमध्ये नांगराच्या साखळीचा खडखडाट पहाटे चारला ऐकायची तयारी ठेवा, मागच्या बाजूला इंजिनाची घरघर. एकटे जात असाल तर अख्ख्या केबिनसाठी जादा आकार पडतो. अनोळखी माणसासोबत केबिन वाटून घ्यायची सोय आहे का ते विचारा, आणि असेल तर कानात घालायचे बोळे घ्या.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

मी हे प्रश्न लेखी पाठवतो. उत्तराइतकंच उत्तराचा सूर पाहतो.

"देवमासा दिसला की तुम्ही काय करता?" याचं चांगलं उत्तर बारीकसारीक असतं: किती अंतरावर वेग कमी करतो, कुठल्या बाजूने जातो, इंजिन कधी न्यूट्रलला टाकतो, किती वेळ थांबतो, दुसऱ्या बोटी आधीच असतील तर काय करतो. "आम्ही तुम्हाला अगदी जवळ नेतो" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

"रोज किती तास नुसता प्रवास, किती तास पाहणं?" काही सफरींत बोट दिवसभर एका बंदराकडून दुसऱ्याकडे धावत असते, आणि देवमासे म्हणजे वाटेतली चैन. बोट रात्री चालते की नांगर टाकते, हेही विचारा. रात्री चालली तर दिवस मोकळा मिळतो, पण झोप हलते.

"मार्गदर्शक कोण, आणि किती माणसांमागे एक?" इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांवर सोळा प्रवाशांमागे एक परवानाधारक निसर्गमार्गदर्शक असावाच लागतो. हे प्रमाण इतर ठिकाणीही मोजपट्टी म्हणून वापरता येतं.

"पाण्याखालचा मायक्रोफोन आहे का?" हायड्रोफोन असलेली बोट शोधायलाही हुशार असते, आणि काही दिसत नसताना ऐकायला मिळतं ते वेगळंच. स्पर्म व्हेलचे टकटक आवाज ऐकत तो वर यायची वाट पाहणं हा या सफरींतला एक भारी तास असतो.

"हमखास दर्शन" या शब्दांचा अर्थही विचारून घ्या. बहुतेक वेळा तो इतकाच असतो की काही दिसलं नाही तर पुढची फेरी फुकट. धक्क्याशेजारी राहणाऱ्याला ते ठीक आहे. दोन विमानं बदलून आलेल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

दिवसांचं गणित

सात रात्रींची सफर म्हणजे सात दिवस पाहायला मिळत नाहीत. पहिल्या दिवशी दुपारी चढायचं, सुरक्षेची कवायत, निघायला संध्याकाळ. शेवटच्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर खाली. मधले सहा, त्यातला एक-दोन हवा खाऊन टाकते. म्हणजे चार-पाच खरे दिवस धरा. चार रात्रींहून लहान सफर मला म्हणूनच घाट्याची वाटते. अंटार्क्टिकाला तर दक्षिण अमेरिकेपलीकडचा ड्रेक पॅसेज हा समुद्र ओलांडायलाच जाताना दोन आणि येताना दोन दिवस जातात. दहा दिवसांच्या सफरीत तिथले दिवस पाच धरायचे.

बोट सुटते त्या गावी निदान एक दिवस आधी पोचा, लांबचा प्रवास असेल तर दोन. एकदा माझी बॅग विमान कंपनीने भलत्याच विमानतळावर पाठवली आणि मी जाकीट उसनं घेऊन सफर केली. बोट बॅगेसाठी थांबत नाही, आणि बंदर सोडल्यावर बॅग पोचवायलाही कुणी येत नाही.

करारात 'हवामानानुसार मार्ग बदलू शकतो' हे कलम असतंच, ते योग्यही आहे. रद्द करण्याच्या अटी मात्र तारखांसकट वाचा. आणि विमा घेताना वैद्यकीय सुटकेचा खर्च त्यात आहे ना, तो समुद्रावरून आणि दुर्गम भागातून लागू होतो ना, हे पाहा. अशा ठिकाणी साधा मोडलेला पायही हेलिकॉप्टरचं काम होऊन बसतो. रोजची औषधं दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा.

बोट लागणं: लाजायचं काही नाही

बोट लागते तेव्हा कान सांगतो आपण हलतोय आणि डोळा सांगतो आपण स्थिर आहोत. या भांडणात पोट ओढलं जातं. म्हणूनच केबिनमध्ये जाऊन मोबाइल पाहत पडणं हा सर्वांत वाईट उपाय, आणि लोक नेमका तोच करतात. बाहेर या, बोटीच्या मध्याजवळ उभे राहा, क्षितिजाकडे पाहा. फारच झालं तर डोळे मिटून आडवे व्हा. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका.

औषध घ्यायचं तर आधी घ्यावं लागतं. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. मेक्लिझिनसारखी गोळी निघण्यापूर्वी तासभर घेतात. तिने झोप येते, पण बहुतेकांना चालते. स्कोपोलामिनची चिकटपट्टी कानामागे निघण्याच्या किमान चार तास आधी लावायची, ती तीन दिवस काम करते. तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होऊ शकते. काचबिंदू असलेल्यांनी आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये. पट्टीला हात लावला की हात धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली विस्फारते आणि दिवसभर दिसायला त्रास होतो. नवं औषध बोटीवर पहिल्यांदा घेऊ नका, घरी एकदा घेऊन पाहा.

बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. अनेक दिवसांच्या सफरीचा हा एक फायदाच आहे. पण ज्यांना दरवेळी हमखास, जबरी त्रास होतो, त्यांना माझा सल्ला वेगळा आहे: किनाऱ्यावर खोली घ्या आणि चार-पाच दिवस रोज छोटी फेरी करा. न्यूझीलंडचं कायकोरा यासाठी उत्तम, कारण खोल समुद्री दरी किनाऱ्याजवळच येते आणि स्पर्म व्हेल बारा महिने दिसतात. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरही हे जमतं. तिथे पूर्वी शिकारीसाठी देवमासे हेरायचे त्या टेकड्यांवरच्या चौक्यांतून आज पर्यटकांच्या बोटींना दिशा सांगतात.

बॅगेत काय

मऊ बॅग घ्या, कडक सुटकेस ठेवायला जागा नसते. कपडे थरांचे. समुद्रावर जमिनीपेक्षा बरीच थंडी वाजते, कारण आपण तासन्तास न हलता वाऱ्यात उभे असतो. वरचं जाकीट आणि पँट, दोन्ही जलरोधक. हातमोज्यांचे दोन जोड, पातळ आणि जाड. बांधता येणारी टोपी, गॉगल, सनस्क्रीन. ढगाळ दिवशीही पाण्यावरून परतणारं ऊन भाजतं. न घसरणारे बूट. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट कंपनी देते का ते विचारा. पाणी न शिरणारी पिशवी, जादा बॅटऱ्या, डोक्याला लावायचा दिवा.

दुर्बीण ही एकच गोष्ट अशी की जिच्यावर मी खर्च करायला सांगेन. ८×४२ किंवा ७×५०. दहा पटीची घेऊ नका, हलत्या डेकवर तिच्यातून चित्र नाचतं. ती प्रत्येकाची स्वतःची हवी. दुर्बीण वाटून घेणारी जोडपी मी भांडताना पाहिली आहेत.

कॅमेऱ्याला १००–४०० मिलिमीटरची लेन्स पुरते, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. उबदार केबिनमधून थंड डेकवर आणि परत अशी ये-जा केली की लेन्सवर दव धरतं, म्हणून कॅमेरा पिशवीत बंद करूनच आत न्या. आणि दर दिवशी एक दर्शन कॅमेऱ्याशिवाय पाहायचं, हा माझा स्वतःपुरता नियम आहे. तो मी अर्धा वेळ पाळतो.

डेकवर उभं राहून पाहायचं कसं

नवखा माणूस देवमासा शोधतो. सरावलेला माणूस समुद्रात जे बाकीच्यासारखं नाही ते शोधतो: हवेत लटकलेला धुरकट ठिपका, लाटांच्या दिशेशी न जुळणारी पांढरी रेघ, एकाच जागी गोळा झालेले पक्षी. आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिज डावीकडून उजवीकडे सावकाश विंचरा, मग दुर्बिणीने. सूर्याच्या दिशेला फवारा चमकून उठतो, म्हणून चकाकीचा त्रास सोसून तिकडेही पाहा.

वारा फार महत्त्वाचा. लाटांचे माथे फुटून पांढरे ठिपके जागोजागी दिसू लागले, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनावर चारच्या आसपास, की लहान प्राणी जवळजवळ हरवतात. पहाटे वारा बऱ्याचदा पडलेला असतो. न्याहरीआधीचा एक तास मी कधीच झोपेत घालवत नाही. बाकी लोक झोपलेले असतात ही आणखी एक सोय.

फवाऱ्यावरून प्राणी ओळखता येतो. ब्लू व्हेलचा उंच सरळ खांब, नऊ मीटर किंवा त्याहून जास्त. हंपबॅकचा बुटका आणि झुबकेदार. राइट व्हेलचा दोन फाकलेल्या धारांचा. ग्रे व्हेलचा समोरून किंवा मागून पाहिला तर बदामासारखा. स्पर्म व्हेलचा पुढे आणि डावीकडे कललेला, कारण त्याचं नाकपुडीचं भोक डोक्याच्या डाव्या टोकाला असतं. वारा जोरात असेल तर हे सगळे आकार विस्कटतात. वाऱ्याच्या दिशेला बोट आली तर श्वासाचा वास येतो. कुजलेले मासे आठवा.

दिसलं की ओरडून दिशा सांगायची, ती घड्याळाच्या भाषेत. नाळ म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, मागचं टोक सहा, डावी नऊ. "दोन वाजता, अर्ध्या अंतरावर, पक्ष्यांच्या खाली" एवढं सांगितलं की सगळ्यांना सापडतं. "तो बघा, तो बघा!" याचा कुणालाच उपयोग नाही.

मग श्वास मोजा. हंपबॅक साधारणपणे चार-सहा फवारे सोडतो, पाठीची कमान करतो आणि शेपटी उचलून खोल जातो. शेपटी उचलली की घड्याळ लावा. पहिली बुडी सात मिनिटांची असेल तर पुढचीही तेवढीच असायची शक्यता असते, आणि सहाव्या मिनिटाला तुम्ही तयार असता. स्पर्म व्हेल मात्र पाऊण तास ते तासभर खाली राहतो. देवमासा गेल्यावर पाण्यावर तेलकट दिसणारा गुळगुळीत गोल राहतो. ते तेल नव्हे, शेपटीच्या फटक्याने वर ढकललेलं पाणी असतं. अशा गोलांची रांग दिसली की तो कुठे चाललाय ते कळतं.

हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या बोटांच्या ठशासारखी. तिचा सरळ मागून घेतलेला एक स्पष्ट फोटो दहा उड्यांच्या फोटोंपेक्षा कामाचा. का, ते शेवटी सांगतो.

रात्री झोपण्यापूर्वी एकदा नाळेवर डोकावून या. पाण्यात चमकणारे सूक्ष्मजीव असतील आणि डॉल्फिन नाळेपुढे पोहायला आले, तर अंधारात त्यांच्या अंगाच्या उजळ रेघा उठतात. याचा फोटो येत नाही.

अंतर, आणि कप्तानावर दबाव न आणणं

नियम जागेनुसार बदलतात. अलास्का आणि हवाईत हंपबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर. ऑस्ट्रेलियात देवमाशापासून १०० मीटर, आणि ३०० मीटरच्या आत आलं की वेग कमी करायचा. अंटार्क्टिकात पेंग्विनपासून निदान ५ मीटर. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर, आणि मार्च ते जून ५०० मीटर. म्हणजे तिथे अस्वलासाठी जायचं तर लांब पल्ल्याची लेन्स हवी किंवा 'पिवळसर ठिपका' पाहून खूश व्हायची तयारी हवी.

चांगली बोट देवमाशाच्या वाटेत आडवी जात नाही, मागूनही पाठलाग करत नाही. बाजूने, त्याच्या वेगाने, समांतर जाते. आई आणि पिल्लाच्या मध्ये कधीच येत नाही. देवमासा आपणहून जवळ आला तर इंजिन न्यूट्रलला टाकून थांबते. तो सारखा दिशा बदलू लागला, बुडी लांबवू लागला किंवा शेपटी आपटू लागला तर निघून जाते.

नियम मोडला जातो तेव्हा त्यामागे बऱ्याचदा प्रवासीच असतात. "अजून थोडं जवळ" हे वाक्य बोटीवर कुणी म्हणालं की कप्तानाच्या मनात बक्षिसी आणि शेरे फिरू लागतात. एका सफरीत पहिल्याच संध्याकाळी आम्ही काही जणांनी कप्तानाला जाऊन सांगितलं की आम्हाला लांबून पाहायला चालेल. तो इतका सैलावला की पुढचे सहा दिवस त्याने आम्हाला कुठे कुठे नेऊन नुसतं थांबवलं. इंजिन बंद, सगळे गप्प. त्याच सफरीत एक मादी पिल्लाला घेऊन बोटीखालून गेली.

छोट्या होडीत आणि किनाऱ्यावर

झोडियाकमध्ये चढताना-उतरताना हात मोकळे ठेवा, कॅमेरा पिशवीत. खलाशाचा तळहात धरायचा नाही, त्याचं मनगट धरायचं आणि त्याने तुमचं. ओला हात निसटतो, मनगट निसटत नाही. लाट होडीला वर आणते त्या क्षणी पाऊल टाकायचं, आणि तो क्षण खलाशी सांगेल. होडीत उभं राहायचं तर विचारून. पुढच्या भागात फार उसळी बसते, पाठीचं दुखणं असेल तर मागे, चालवणाऱ्याजवळ बसा.

किनाऱ्यावर जाताना-येताना बूट घासून धुवावे लागतात. कंटाळा करू नका. पक्ष्यांचा फ्लू ऑक्टोबर २०२३ मध्ये अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या साउथ जॉर्जिया बेटाला पोचला आणि पुढच्या वर्षी अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही सापडला. या साथीमुळे बऱ्याच ठिकाणी बर्फावर बसणं, गुडघे टेकणं, पिशवी खाली ठेवणंही बंद आहे. मेलेला किंवा सुस्त पक्षी दिसला तर मार्गदर्शकाला सांगा आणि लांब राहा.

किनारी प्राण्यांसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक रोज रात्री विचारून घ्या. आग्नेय अलास्कात पाणी काही वेळा सहा-सात मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला उघड्या पडलेल्या दगडांवर तारामासे, समुद्रफुलं, शिंपले, आणि ते उकरायला येणारी अस्वलं. सॅमन मासे नदीत चढतात तेव्हा, जुलैपासून पुढे, तीच अस्वलं नदीच्या मुखाशी दिसतात. या वेळा देवमाशांच्या शांत तासांमध्ये बसवता येतात, म्हणून कप्तानाला तुमची आवड पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेली बरी.

उतरल्यावर

दुर्बीण आणि कॅमेऱ्याचं बाहेरचं अंग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. मीठ सुकून राहिलं तर आतल्या जोडांना खातं. शेपटीचे फोटो वेगळे काढून 'हॅपीव्हेल' या संकेतस्थळावर तारीख आणि जागेसह चढवा. तिथे संगणक नक्षी जुळवून तो प्राणी आधी कुठे दिसला होता ते शोधतो. माझ्या एका अंधुक फोटोतला हंपबॅक असाच ओळखला गेला. त्याआधीच्या हिवाळ्यात तो हजारो किलोमीटरवर, उबदार पाण्यात कुणीतरी टिपला होता. अधूनमधून ई-मेल येतो की तो पुन्हा दिसला.

आणि उतरल्या दिवशी लांबचा ड्रायव्हिंगचा बेत ठेवू नका. दिवस-दोन दिवस जमीन हलत राहते, विशेषतः आंघोळीला डोळे मिटले की. भिंतीला हात लावून उभं राहायचं.